सुटीतली शाळा : जपानी विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीचे उन्हाळे

जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार कसा झाला हे सांगताना इतिहासकार बहुधा मिशनऱ्यांची चरित्रे, चर्चची स्थापनावर्षे आणि बाप्तिस्म्यांची संख्या यांचा आधार घेतात. मेइजी काळातील, म्हणजे १८६८ ते १९१२ या कालखंडातील, विद्यार्थ्यांचा विचार करायचा झाल्यास ही साधने अपुरी पडतात, कारण या विद्यार्थ्यांचा नव्या धर्माशी जो निकटचा सहवास घडला तो चर्चच्या बाकांवर फारसा घडला नाही. तो वसतिगृहाच्या खोलीत घडला, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या घरी घडला आणि विशेषतः उन्हाळ्याच्या सुटीत भरणाऱ्या 'काकी गाक्को'मध्ये घडला. 'काकी' म्हणजे उन्हाळ्याचा काळ आणि 'गाक्को' म्हणजे शाळा. या शाळेला परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, कायमची इमारतही बराच काळ नव्हती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्यार्थी काही दिवस एका जागी राहत, सकाळी बायबलचे अध्ययन करत, व्याख्याने ऐकत, दुपारी फिरायला वा खेळायला जात आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालत. चर्चच्या नोंदवह्यांत या दिवसांचा हिशेब सापडत नाही. तरीही आधुनिक जपानच्या वैचारिक इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे.

उन्हाळ्याची सुटी ही कल्पनाच मुळात त्या काळी नवी होती. १ जानेवारी १८७३ पासून जपानने जुने चांद्र-सौर पंचांग बाजूला ठेवून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि १८७६ मध्ये सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी लागू झाली. त्यापूर्वी आठवडा हे कालगणनेचे एकक सामान्य जपानी माणसाच्या व्यवहारात नव्हते. नव्या शिक्षणव्यवस्थेत वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होई आणि उन्हाळ्याच्या सुमारास संपे. 'कोतो गाक्को', म्हणजे विद्यापीठात जाण्यापूर्वीची उच्च विद्यालये, १९१९ पर्यंत आणि टोकियोचे शाही विद्यापीठ १९२१ पर्यंत याच क्रमाने चालले. जुलै-ऑगस्टची सुटी म्हणून दोन वर्षांमधला मोकळा काळ असे: एका वर्गाची परीक्षा आटोपलेली, पुढच्या वर्गाचे पुस्तक अजून उघडलेले नाही, आणि घरी परतण्यापूर्वी चार दिवस कोठे तरी घालवता येतील अशी अवस्था. ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने नेमकी ही फट हेरली.

जपानला ख्रिस्ती धर्म अगदीच अपरिचित नव्हता. गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर मलाक्कामार्गे १५४९ मध्ये कागोशिमा बंदरात उतरला होता आणि त्याच्याबरोबरचा अंजिरो हा जपानी सोबती गोव्यातच बाप्तिस्मा घेऊन परतला होता. पुढे तोकुगावा राजवटीने सतराव्या शतकाच्या आरंभी या धर्मावर बंदी घातली, आणि बंदीचे हुकूम लिहिलेल्या लाकडी पाट्या गावोगावच्या चव्हाट्यांवर अडीचशे वर्षे लटकत राहिल्या. त्या पाट्या फेब्रुवारी १८७३ मध्ये उतरवण्यात आल्या. धर्मस्वातंत्र्याची घोषणा मात्र त्या वेळी झाली नाही. हुकूम सर्वांना ठाऊक झाला असल्याने पाट्यांची गरज उरली नाही, एवढेच कारण सरकारने दिले. संदिग्धतेच्या या हवेत जे पहिले प्रॉटेस्टंट तरुण घडले, त्यांच्यात सामुराई घराण्यांतील मुलांचा भरणा होता, आणि त्यांतही १८६८ मध्ये तोकुगावा राजवट कोसळून झालेल्या सत्तांतरात पराभूत झालेल्या संस्थानांतील मुले लक्षणीय होती, असे निरीक्षण यामाजी आइझान या इतिहासलेखकाने नोंदवले आहे. वडिलांची तलवार गेली, तनखा गेला, आणि नव्या राज्यात वर चढण्याचा एकच मार्ग उरला तो इंग्रजी शिक्षणाचा. त्या शिक्षणाबरोबर बायबलही आले.

अशा तरुणांचे दोन गट पुढे प्रसिद्धीस आले. क्युशू बेटावरील कुमामोतो येथे एल. एल. जेन्स हा अमेरिकन सैनिकी अधिकारी पाश्चात्त्य विद्येची शाळा चालवत होता. त्याच्या पस्तीस विद्यार्थ्यांनी ३० जानेवारी १८७६ रोजी हानाओका टेकडीवर जमून श्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. घरच्यांनी काहींना कोंडून ठेवले, त्यांची पुस्तके जाळली, आणि त्याच वर्षी ती शाळाही बंद झाली. उत्तरेला होक्काइदोवरील साप्पोरो कृषी महाविद्यालयात विल्यम क्लार्क या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम आठ-नऊ महिन्यांच्या वास्तव्यात आपल्या विद्यार्थ्यांकडून 'येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा करार' सही करून घेतला, आणि तो परत गेल्यावर आलेल्या दुसऱ्या तुकडीतील उचिमुरा कान्झो व नितोबे इनाझो या तरुणांनीही त्यावर सही केली. या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की पुढाकार धर्मगुरूंचा नव्हता. जेन्स व क्लार्क दोघेही दीक्षित मिशनरी नव्हते, आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या साक्षीने जे केले त्याला चर्चची मोहोर नंतर लागली. जपानी विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीचा स्वभाव येथेच ठरला असे म्हणता येईल.

कुमामोतोहून हाकलल्यासारखे निघालेले विद्यार्थी क्योटोच्या दोशिशा या नव्या शाळेत दाखल झाले. ही शाळा नीजिमा जो यांनी २९ नोव्हेंबर १८७५ रोजी अवघ्या आठ विद्यार्थ्यांनिशी सुरू केली होती. देश सोडणे हा गुन्हा असताना १८६४ मध्ये हाकोदातेहून गुपचूप जहाजावर चढून अमेरिकेला गेलेले, ॲमहर्स्टचे पदवीधर होऊन परतलेले नीजिमा 'अमेरिकन बोर्ड' या मिशन संस्थेचे सहकारी होते. मराठी वाचकाला या संस्थेची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचे; 'ज्ञानोदय' नियतकालिक त्यांचेच, आणि जोतीराव फुल्यांनी नगरला पाहिलेली मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार याच बोर्डाने पाठवलेल्या होत्या. महाराष्ट्रात अर्धशतकाहून अधिक काळ काम केल्यावर बोर्डाने १८६९ मध्ये जपानला पहिला प्रतिनिधी धाडला. दोन्हीकडे साधन एकच होते, शाळा. पण जपानमध्ये त्या शाळेची सूत्रे फार लवकर तेथील माणसांच्या हाती गेली, आणि हा फरक पुढच्या इतिहासाला वळण देणारा ठरला.

उन्हाळी शाळेचा नमुना अमेरिकेतून आला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या आश्रयाखाली अडीचशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते आणि शिबिर संपेपर्यंत त्यांतील शंभरांनी परदेशात मिशनकार्य करण्याचा संकल्प सोडला. त्या शंभरांना एकत्र आणणारा तरुण म्हणजे रॉबर्ट वाइल्डर, ज्याचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरात झाला होता. त्याचे वडील रॉयल वाइल्डर नगर व कोल्हापूर येथे दीर्घकाळ मिशनरी होते. या शिबिराच्या आयोजनामागे ल्यूथर विशर्ड हा वायएमसीएचा, म्हणजे 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन'चा, महाविद्यालयीन कामाचा पहिला चिटणीस होता, आणि तोच विशर्ड जगभरच्या प्रवासाला निघून १८८९ मध्ये जपानला पोहोचला.

टोकियोत वायएमसीए त्याच्याही आधी, १८८० मध्ये, स्थापन झाली होती, आणि ती स्थापणारे कोझाकी हिरोमिचि, उएमुरा मासाहिसा हे तरुण पाळक होते. इंग्रजी नावातील 'यंग मेन' या शब्दांसाठी जपानीत सोयीचा शब्द नव्हता. कोझाकींनी 'सेइनेन' हा शब्द योजला, ज्याचा अक्षरशः अर्थ 'हिरवी वर्षे' असा होतो. आज जपानीत तरुण माणसासाठी हा शब्द सहज वापरला जातो, पण त्याला रूढ करण्याचे श्रेय या संस्थेच्या 'सेइनेनकाइ', म्हणजे तरुण मंडळ, या नावाला दिले जाते. समाजात 'मूल' होते, 'प्रौढ पुरुष' होता. दोहोंमधल्या वयाला स्वतंत्र प्रतिष्ठा देणारी संज्ञा घडवावी लागली, यावरून ही चळवळ किती नव्या प्रकारच्या माणसाला उद्देशून होती हे कळते.

पहिली काकी गाक्को १८८९ च्या उन्हाळ्यात दोशिशाच्या आवारात भरली आणि तिला सुमारे पाचशे जण उपस्थित राहिले. त्या वर्षाची निवड योगायोगाची असली तरी तिला अनेक गोष्टींची साथ होती. ११ फेब्रुवारीला मेइजी संविधान जाहीर झाले होते आणि त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने, शांतता व सुव्यवस्थेला बाध येणार नाही आणि प्रजाजनाच्या कर्तव्यात कसूर होणार नाही या मर्यादेत, धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य प्रथमच लेखी मान्य केले होते. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे: टोकियोच्या शिम्बाशी स्थानकापासून कोबेपर्यंत जाणारा तोकाइदो लोहमार्ग १ जुलै १८८९ रोजी अखंड सुरू झाला. ज्या रस्त्याने पायी जायला एके काळी दोन आठवडे लागत, तो आता वीसेक तासांत पार होऊ लागला. वेगवेगळ्या शहरांतील विद्यार्थ्यांना एका सुटीत एका गावी जमवणे या रेल्वेशिवाय अवघड होते. शिबिर चालू असताना, जुलैच्या पाच तारखेला, विशर्डने क्योटोहून अमेरिकेतील विद्यार्थी परिषदेला तार केली. येशूला राजा करा, अशा आशयाचा दोन-तीन शब्दांचा संदेश आणि पाचशे विद्यार्थ्यांचा उल्लेख एवढाच मजकूर तिच्यात होता. तो संदेश स्कँडिनेव्हियापर्यंत गेला, तेथील कार्ल फ्रीस यांच्यासारख्या तरुणांच्या मनात त्याने घर केले, आणि १८९५ मध्ये स्वीडनच्या वाडस्टेना किल्ल्यात जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघ स्थापन झाला तेव्हा क्योटोच्या तारेची आठवण काढली गेली. पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रेरणा गेल्याचे हे उदाहरण मिशनच्या इतिहासात विरळाच आहे.

याच सुमारास एक मराठी पाऊलही जपानला लागले होते. अमेरिकेतून मायदेशी परतणाऱ्या पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस जपानमार्गे आल्या आणि मुंबईत पोहोचल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. दोशिशातील मेळावा त्यानंतर काही महिन्यांनी भरला. दोन्ही घटनांचा थेट संबंध नाही. पण परक्या धर्माचा स्वीकार करूनही आपल्या संस्थेची दिशा आपणच ठरवू, परदेशी मंडळाची आज्ञा मानणार नाही, हा रमाबाईंचा आग्रह आणि क्योटोच्या तरुणांचा आग्रह एकाच जातीचा होता.

या शिबिरांतील रोजचे जगणे समजून घेतल्याशिवाय त्यांचे आकर्षण कळणार नाही. तीन बाजूंनी डोंगर असलेल्या क्योटोच्या खोलगट भागात जूनच्या मध्यापासून 'त्सुयु' नावाचा पावसाळा चालतो. या शब्दाच्या लिपिचिन्हांचा अर्थ 'उमे फळांचा पाऊस', कारण तो उमे नावाची आंबट फळे पिकण्याच्या दिवसांत येतो. तो सरला की दमट, साचलेला उकाडा सुरू होतो आणि झाडाझाडांवर 'सेमी' म्हणजे रातकिड्यांहून कितीतरी मोठ्या आवाजाचे किडे दिवसभर कोकलत असतात. विद्यार्थी एरवी 'गेशुकु'त, म्हणजे खोली व दोन वेळचे जेवण देणाऱ्या घरगुती खानावळवजा निवासात, राहत. साडेचार तातामींची, म्हणजे जेमतेम नऊ फूट लांबी-रुंदीची, खोली, एक बुटके मेज, एक दिवा आणि भिंतीतल्या कपाटात दिवसा गुंडाळून ठेवलेले अंथरूण एवढाच संसार असे. आंघोळीसाठी पैसे मोजून 'सेन्तो' या सार्वजनिक स्नानगृहात जावे लागे, जेथे प्राध्यापक, हमाल आणि विद्यार्थी एकाच कढत पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसत. अंगावर सुती किमोनो, त्यावर चुणीदार हाकामा, पायात लाकडी गेता आणि हातात बांबूच्या कामट्यांचा पंखा, हा त्यांचा उन्हाळी वेश.

रात्री झोपण्यासाठी 'काया' लावली जाई. काया म्हणजे तागासारख्या धाग्याची मच्छरदाणी. पण ती एका खाटेपुरती नसे, तर खोलीच्या चारही कोपऱ्यांतील खुंट्यांना दोऱ्यांनी ताणून बांधलेली, अख्ख्या खोलीएवढी असे. हिरवा रंग आणि लाल काठ ही तिची ठरलेली ठेवण. तिच्या आत शिरताना डास सोबत येऊ नयेत म्हणून कड थोडीशी झटकून, वाकून, पटकन आत सरकायचे असते. एकदा आत गेले की पाच-सहा जणांची अंथरुणे शेजारी-शेजारी, बाहेर दिवा, आत हिरवट अंधार. घरची श्रीमंती, संस्थानाचे मानापमान, वरच्या-खालच्या वर्गाचे अंतर हे सारे दिवसाच्या औपचारिक भाषेत पाळले जाई. जाळीच्या आत ते पाळणे अवघड होई. बायबलच्या वर्गात जे विचारायला संकोच वाटला ते प्रश्न येथे निघत, हे अशा निवासाची घडण पाहता सहज समजते.

या प्रश्नांतील सर्वांत कठीण प्रश्न उन्हाळ्यानेच आणून दिला होता. शिबिर संपवून विद्यार्थी गावी जात तेव्हा 'ओबोन'चे दिवस जवळ आलेले असत. ओबोन म्हणजे पितरांचे आत्मे घरी येतात अशी श्रद्धा असलेला बौद्ध सण. आपल्याकडील पितृपक्षाशी त्याचे साम्य मोठे आहे, फक्त त्यात सुतकी गंभीरपणापेक्षा दिवे, नाच आणि कुटुंबाचा मेळ अधिक. नव्या दिनदर्शिकेनंतर तो काही भागांत जुलैच्या तर काही भागांत ऑगस्टच्या मध्याला साजरा होऊ लागला. घरातील 'बुत्सुदान' या देव्हाऱ्यासमोर, पूर्वजांच्या नावांच्या फलकांपुढे, थोरल्या मुलाने उदबत्ती लावून मस्तक नमवणे अपेक्षित असे. बहुतेक मिशनऱ्यांच्या मते ही मूर्तिपूजा होती. मुलाच्या दृष्टीने तो समोर बसलेल्या आजीचा प्रश्न होता. कोणी घराबाहेर उभा राहून दिवे लावायला मदत करी, कोणी नमन करून पुढे पश्चात्ताप करी, कोणी सुटीत घरीच न जाण्याचा मार्ग पत्करी. जपानी ख्रिस्ती समाज संख्येने लहान का राहिला याची कारणे शोधताना सरकारी धोरणाकडे जेवढे लक्ष जाते तेवढे या उदबत्तीकडे जात नाही, आणि ते जायला हवे.

१८९० नंतर वारे फिरले. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबरला सम्राटाचा शिक्षणविषयक आदेश निघाला आणि शाळाशाळांतून त्याचे विधिपूर्वक वाचन सुरू झाले. ९ जानेवारी १८९१ रोजी टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयात शिक्षक असलेले उचिमुरा कान्झो त्या आदेशपत्रावरील सम्राटाच्या स्वाक्षरीपुढे पुरेसे खाली वाकले नाहीत, असा आक्षेप घेऊन देशभर गहजब झाला. उचिमुरांची नोकरी गेली. त्याच धामधुमीत ते स्वतः आजारी पडले आणि काही महिन्यांत त्यांची पत्नी मरण पावली. ख्रिस्ती माणूस राजनिष्ठ असू शकत नाही असा युक्तिवाद इनोउए तेत्सुजिरो या तत्त्वज्ञाच्या लेखनामुळे विद्यापीठांतही मान्य होऊ लागला. नीजिमा १८९० च्या जानेवारीतच वारले होते. पहिल्या शिबिराला पाचशे माणसे गोळा करणारी लाट ओसरली.

अशा ओहोटीच्या काळात, जुलै १८९४ मध्ये, सहावी उन्हाळी शाळा हाकोने डोंगरातील आशी सरोवराच्या काठी भरली आणि तेथे तेहेतीस वर्षांच्या उचिमुरांनी 'पुढील पिढ्यांसाठी ठेवायचा सर्वांत मोठा वारसा' या विषयावर व्याख्यान दिले. व्याख्याता त्या वेळी क्योटोत लेखनावर कसाबसा गुजारा करत होता. त्याच्यापाशी पद नव्हते, चर्च नव्हते. व्याख्यानाचा ओघ साधा आहे. माणसाने या पृथ्वीवरून जाताना काही तरी ठेवून जावे ही इच्छा ख्रिस्ती माणसाला शोभते का, या प्रश्नाने ते सुरू होते. शोभते, असे उत्तर देऊन वक्ता एकेका वारशाची परीक्षा घेतो. पहिला वारसा पैसा. तो तुच्छ नाही, योग्य हाती असला तर त्यातून अनाथालये उभी राहतात. पण पैसा मिळवण्याचे कौशल्य सर्वांपाशी नसते. दुसरा वारसा लोकोपयोगी काम. तिसरा विचार, म्हणजे लेखन व अध्यापन. तेही प्रत्येकाला साधत नाही. मग प्रत्येकाला, अगदी गरीब व अशिक्षितालाही, ठेवता येईल असा वारसा कोणता? उचिमुरांचे उत्तर आहे: धैर्याने व उदात्तपणे जगलेले आयुष्य.

लोकोपयोगी कामाचे उदाहरण देताना त्यांनी श्रोत्यांच्या समोरच्या सरोवराकडे बोट दाखवले, आणि हा भाग आजही वाचताना मन धरून ठेवतो. आशी सरोवराचे पाणी निसर्गतः एका दिशेला वाहून जाते. डोंगरापलीकडची, फुजी पर्वताच्या पायथ्याची गावे कोरडी होती. सतराव्या शतकात माणसांनी दोन्ही बाजूंनी डोंगर पोखरत नेला आणि सुमारे १,२८० मीटर लांबीचा बोगदा १६७० मध्ये पूर्ण करून ते पाणी फुकारा व आसपासच्या गावांच्या शेतांना नेले. उचिमुरांनी ती दोन भावांची गोष्ट म्हणून सांगितली; कागदोपत्री या कामामागे फुकारा गावचा मुखिया ओबा गेन्नोजो आणि तोमोनो योएमोन हा व्यावसायिक यांची नावे येतात. तपशिलातील हा फरक सोडला तरी युक्ती स्पष्ट दिसते. धर्माच्या शिबिरात, परदेशी धर्माचा अनुयायी म्हणून देशद्रोही ठरवलेला वक्ता, पुण्यकृत्याचे उदाहरण म्हणून ख्रिस्ती नसलेल्या जपानी शेतकऱ्यांना पुढे करतो. अमेरिकेच्या उन्हाळी परिषदेत या जागी मिशनरी वीराची कथा आली असती. नमुना बाहेरून आणलेला असला तरी १८९४ पर्यंत त्यातील आशय पूर्णपणे जपानी झाला होता, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही. पुढे १८९७ मध्ये हे व्याख्यान पुस्तकरूपाने आले आणि ते सतत छापले जात राहिले. त्या शिबिरानंतर पंधरवड्यातच, १ ऑगस्टला, चीनशी युद्ध जाहीर झाले. उचिमुरांनी आरंभी त्या युद्धाचे इंग्रजीतून समर्थन केले आणि नंतर त्याचा जाहीर पश्चात्ताप करून ते युद्धविरोधी झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या काळात अमेरिकन वायएमसीएने सुरू केलेली एक पद्धत चळवळीला टिकवून धरत होती. तरुण अमेरिकन पदवीधर जपानच्या सरकारी शाळांत पगारी इंग्रजी शिक्षक म्हणून यायचे, दिवसा व्याकरण शिकवायचे आणि संध्याकाळी आपल्या राहत्या घरी बायबलचा वर्ग घ्यायचे. ३ ऑगस्ट १८९९ रोजी शिक्षण मंत्रालयाने बाराव्या क्रमांकाचा आदेश काढून सरकारमान्य शाळांत धार्मिक शिक्षण व विधी यांना मनाई केली, तेव्हा शिक्षकाच्या घरातील या वर्गाचे महत्त्व आणखी वाढले. ख्रिस्ती शाळांची या आदेशाने कोंडी झाली, कारण मान्यता सोडावी तर विद्यार्थ्यांना उच्च विद्यालयात प्रवेश आणि सैन्यभरतीतील सवलत मिळणे कठीण, आणि मान्यता राखावी तर प्रार्थना बंद. काहींनी मान्यता सोडली. घरच्या वर्गाला येणारे अनेक विद्यार्थी फुकट इंग्रजी ऐकायला मिळते म्हणून येत, हे शिक्षकांनाही ठाऊक होते. त्यावरून या कामाला कमी लेखणे बरोबर नाही. मुंबई-पुण्याच्या मिशन शाळांतही एकोणिसाव्या शतकात मुले इंग्रजीसाठीच गेली, आणि तेथून त्यांनी जे नेले ते इंग्रजीपुरते राहिले नाही.

विल्यम मेरेल व्होरिस याची हकीकत या पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही दाखवते. चोविसाव्या वर्षी, फेब्रुवारी १९०५ मध्ये, तो बिवा सरोवराकाठच्या हाचिमान गावी वाणिज्य विद्यालयात इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. हे गाव ओमी प्रांतातील फिरत्या व्यापाऱ्यांचे. वर वर्णन केलेल्या हिरव्या कायांचा धंदा देशभर नेणारे व्यापारी याच गावचे. व्होरिसचा बायबल वर्ग इतका भरू लागला की गावातील बौद्ध मंडळींनी हरकत घेतली आणि १९०७ मध्ये त्याची नोकरी गेली. तो परत गेला नाही. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वसतिगृहात राहून त्याने वास्तुरचनेचा व्यवसाय सुरू केला, त्याच्या मिळकतीवर मिशन चालवले, सरोवराकाठच्या गावांत जाण्यासाठी 'गॅलिली मारू' नावाची मोटरबोट घेतली, जपानी स्त्रीशी विवाह केला आणि १९४१ मध्ये तो जपानी नागरिक झाला. शिक्षकाची नोकरी टिकली असती तर तो कदाचित दोन वर्षांनी अमेरिकेला परतला असता.

संघटनेच्या बाजूने पाहता, १८९७ मध्ये अमेरिकन विद्यार्थी चळवळीचे नेते जॉन मॉट यांच्या भेटीनंतर निरनिराळ्या विद्यालयांतील मंडळांचा राष्ट्रीय संघ झाला आणि एप्रिल १९०७ मध्ये जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाची परिषद टोकियोत भरली, जी आशियातील पहिली होती. भारतातून तिला व्ही. एस. अझरिया गेले होते, जे पुढे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. विद्यार्थिनींसाठी वायडब्ल्यूसीए ही स्त्रियांची समांतर संस्था १९०५ मध्ये आली आणि त्सुदा उमेको व कावाई मिचि या शिक्षिकांनी ती वाढवली. एखाद्या कॉलेजचे आवार उसने घेऊन शिबिर भरवण्याची पद्धत १९१५ मध्ये संपली, कारण त्या वर्षी वायएमसीएने फुजीच्या पायथ्याशी गोतेम्बा येथे 'तोझान्सो' हे स्वतःचे निवासस्थान बांधले.

उचिमुरांनी मात्र वेगळी वाट धरली. टोकियोच्या त्सुनोहाझु भागातील आपल्या घरी त्यांनी १९०० पासून तीन उन्हाळे स्वतंत्र व्याख्यानसत्रे घेतली, आणि त्यांतील १९०१ च्या सत्राला शिगा नाओया हा तरुण आला, जो पुढे जपानचा थोर कथाकार झाला. नितोबे पहिल्या उच्च विद्यालयाचे मुख्याध्यापक असताना त्यांच्या प्रभावातील विद्यार्थी उचिमुरांच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागले. त्यांतील नानबारा शिगेरु आणि यानाइहारा तादाओ हे दोघे दुसऱ्या महायुद्धानंतर एकापाठोपाठ टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. चीनमधील युद्धाला विरोध केल्यामुळे यानाइहारांना १९३७ मध्ये प्राध्यापकपद सोडावे लागले होते. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण आजही एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि त्या एका टक्क्यातून युद्धोत्तर शिक्षणाची धुरा वाहणारी इतकी माणसे निघाली, याचे मूळ या छोट्या वर्गांत व उन्हाळी बैठकांत आहे.

१९३० च्या दशकात विद्यार्थी चळवळ समाजवादाच्या प्रश्नावर दुभंगली आणि पुढे लष्करी राजवटीने तिला श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही. युद्ध संपल्यावर १५ जून १९४९ रोजी जपानी व अमेरिकन ख्रिस्ती प्रतिनिधी तोझान्सोतच जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठ स्थापण्याचा निर्णय घेतला, जे १९५३ मध्ये टोकियोजवळच्या मिताका येथे सुरू झाले. तोझान्सो आजही गोतेम्बात उभे आहे. तेथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेल्या फुकाराच्या भातशेतीला आशी सरोवराचे पाणी अजूनही त्याच बोगद्यातून मिळते.